एलएल.बी.चा खरा हिशेब सहा वर्षांचा

पदवीचे निकाल लागले की कायद्याच्या प्रवेशाबद्दल विचारायला येणाऱ्या समाजबांधवांची संख्या वाढते. कुणी मुलाला घेऊन येतो, कुणी मुलीला. कुणी स्वतःच महापालिकेत किंवा रेल्वेत नोकरीला असतो आणि आता चाळिशीत एलएल.बी. करावी म्हणतो. बाबासाहेब बॅरिस्टर होते, संविधानाचे शिल्पकार होते, तेव्हा आपल्या घरातही एक वकील असावा ही भावना आंबेडकरी समाजात खोलवर रुजलेली आहे आणि ती रास्तच आहे. परंतु भावनेने फक्त फॉर्म भरला जातो. पुढे काय वाढून ठेवले आहे हे कुणी सांगत नाही, आणि मग दुसऱ्या वर्षी तीन विषय राहिले की पोरगा कॉलेज सोडून देतो, किंवा सनद काढून दोन वर्षांनी खाजगी कंपनीत वसुलीच्या नोकरीला लागतो. म्हणून या स्तंभातून थोडे स्पष्ट बोलणे आम्हाला आवश्यक वाटते.

आधी बाबासाहेबांच्याच कायद्याच्या शिक्षणाकडे पाहू. १९१६ साली त्यांनी लंडनच्या ग्रेज इनमध्ये नाव दाखल केले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून परत यावे लागले. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, १९२० साली पुन्हा लंडन गाठले आणि १९२२ साली ते बॅरिस्टर झाले. १९२३ साली मुंबईत आले तेव्हा सनद काढायलाही हाताशी पैसे नव्हते. नवल भथेना हा पारशी मित्र मदतीला धावला. सनद मिळाली, पण अस्पृश्य बॅरिस्टरला काम द्यायला सॉलिसिटर तयार नव्हते. संसार चालवण्यासाठी १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवावा लागला. १९२६ साली 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरील खटल्यात जेधे-जवळकरांची बाजू मांडून त्यांनी तो जिंकला, तेव्हा कुठे वकील म्हणून नाव झाले. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या असलेल्या माणसाची ही कथा. शिष्यवृत्ती तुटणे, सनदेला पैसे नसणे आणि सनद मिळाल्यावर काम नसणे, या तिन्ही अडचणी आजच्या आपल्या मुलांपुढे जशाच्या तशा उभ्या आहेत.

आता प्रवेशाचे बोलू. महाराष्ट्रात २०१६ पासून कायद्याचे प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेतून होतात. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, कोणत्याही पदवीनंतर तीन वर्षांचा. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी पदवीला खुल्या वर्गाला ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. सीईटी मराठीतही देता येते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत; म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. त्यांचा प्रवेश क्लॅट या वेगळ्या परीक्षेतून होतो आणि ती इंग्रजीत असते. बारावीची हुशार मुले असतील तर पालकांनी तो दरवाजाही ठोठावावा. तिथे राखीव जागा आहेत, पण आपल्या वस्तीतल्या मुलांना त्या परीक्षेचे नावही अनेकदा माहीत नसते.

कागदपत्रांत आपली मुले सर्वाधिक मार खातात. शाळेच्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध' लिहिलेले, आजोबांच्या दाखल्यावर पूर्वाश्रमीची जात, वडिलांच्या नावात वेगळे आडनाव. १९९० च्या दुरुस्तीने केंद्रातही बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण तहसील कचेरीतल्या टेबलापर्यंत तो विषय अजूनही नीट पोहोचलेला नाही असेच कधी कधी वाटते. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज सीईटीच्या फॉर्मच्या आधी टाका, प्रवेशाची यादी लागल्यावर नव्हे. उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे; त्याच्या वर असेल तर राज्याची फ्रीशिप आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. मात्र व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर शिष्यवृत्ती मिळत नाही. एजंटाच्या नादाने कोट्यात पैसे भरणाऱ्या पालकांनी हे आधी समजून घ्यावे. शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी ती वेळेवर येईल असे धरून चालू नका. रक्कम जमा झाली नाही म्हणून गुणपत्रिका अडवणारी महाविद्यालये आहेत. तिथे एकट्याने भांडू नये. पाच-सात जणांनी मिळून समाजकल्याण विभागाच्या सहाय्यक आयुक्तांकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. कायद्याच्या विद्यार्थ्याचा पहिला धडा हाच आहे : तोंडी काही बोलायचे नाही.

नोकरी करणाऱ्या बांधवांना दोन गोष्टी सांगतो. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले ते सकाळचे, कारण आपली माणसे दिवसा नोकरीवर असत. फोर्टमध्ये सिद्धार्थ विधी महाविद्यालय १९५६ साली निघाले. पोस्टात, रेल्वेत, गोदीत काम करून कायदा शिकलेल्या आपल्या आधीच्या पिढीला आम्ही पाहिले आहे. पण बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००८ साली कायदेशिक्षणाचे जे नियम केले त्यांत वर्गांची वेळ सकाळी ८ ते संध्याकाळी ७ ठरवली आणि ७० टक्के हजेरीची अट घातली. नियम करणाऱ्यांना दर्जा सुधारायचा असेल, ते मान्य. परंतु त्याचा फटका कुणाला बसला? ज्याच्या घरी पहिला पगार यायला आजोबांची पिढी खर्ची पडली, त्याला. दुसरे असे की, पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना वकिलीची सनद ठेवता येत नाही. निवृत्तीला दहा वर्षे असतील तर एलएल.बी. जरूर करा, ज्ञान वाया जात नाही. पण दुसऱ्याच महिन्यात कोर्टात उभे राहू असे घरी सांगू नका.

आता अभ्यास. सिनेमात वकील टेबलावर हात आपटतो. वर्गात तसले काही नसते. पहिल्या वर्षी करार कायदा येतो, तो १८७२ सालचा. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा, दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची. एका कलमात 'परंतु', 'तथापि', 'याव्यतिरिक्त' अशा चार गाठी असतात आणि प्रत्येक गाठीवर निकाल असतो. मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजी पुस्तक पाहून घाम फुटतो. काही विद्यापीठांत उत्तरे मराठीत लिहिता येतात, ती सोय घ्या. पण इंग्रजी वाचणे सोडू नका. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. उलट, १९९८ साली राज्याच्या तालुका-जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी झाली आणि तिथली मराठी इंग्रजी शाळेत शिकलेल्यांना येत नाही. कैफियत, पुरशिस, मनाई अर्ज, रोजनामा, नकलेचा अर्ज, फेरफार, सातबारा हे शब्द ज्याला वापरता येतात त्याचे पक्षकार ऐकतात आणि न्यायाधीशही ऐकतात. आपल्या मुलाने मराठीचा न्यूनगंड बाळगण्याचे काही कारण नाही.

गाइडवर परीक्षा पास होता येते. आमचे म्हणणे एवढेच की, मूळ कायद्याचे पुस्तक, म्हणजे बेअर ॲक्ट, रोज एक पान वाचावे. त्याने काय होते याचे एक उदाहरण देतो. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. अवघा समाज रस्त्यावर उतरला. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने शिक्षा सुनावल्या, २०१० साली नागपूर खंडपीठाने फाशीच्या शिक्षा रद्द करून २५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. पण दोन्ही ठिकाणी ॲट्रॉसिटी कायदा टिकला नाही. आपण त्यावर खूप बोललो, खूप लिहिले. पण त्या वेळचे कलम ३ (२) (पाच) किती जणांनी शब्दशः वाचले? पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे 'या कारणावरून' गुन्हा केला, असे तेव्हा सिद्ध करावे लागे. म्हणजे आरोपीच्या मनातला हेतू सरकार पक्षाने उघडा करून दाखवायचा. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, तिथे 'हे माहीत असताना' असे शब्द आले. शिवाय आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला ओळखत होता हे दाखवले की त्याला जात माहीत होती असे न्यायालय गृहीत धरते. गावात कुणाला कुणाची जात माहीत नसते? दोन-तीन शब्दांचा हा फरक एका खटल्याचे भवितव्य बदलतो. मोर्चातल्या घोषणेने कायद्यात दुरुस्ती होते. ती दुरुस्ती फिर्यादीत, जबाबात आणि उलटतपासणीत उतरवायला मात्र वाचणारा वकील लागतो. तोही पहिल्या दिवशी, पोलीस ठाण्यात, पंचनामा होण्याच्या वेळी.

कौटुंबिक कायद्याचा पेपर आपल्या विद्यार्थ्याला वेगळाच बोचतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला मुलगा वाचतो की १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी आपली चळवळ करत आली आहे आणि ती झालीच पाहिजे. पण तोपर्यंत आहे त्या कायद्यातले कलम ७ पाठ असू द्या. दोहोंपैकी कोणत्याही पक्षाच्या रूढ विधीनुसार झालेला विवाह त्या कलमाने ग्राह्य आहे, आणि ज्यांच्या विधीत सप्तपदी आहे त्यांच्यापुरताच सप्तपदीचा प्रश्न येतो. पोटगी मागणाऱ्या आपल्या एखाद्या भगिनीला समोरचा वकील "सप्तपदी झाली होती का?" असे विचारतो, तेव्हा ती गोंधळून 'नाही' म्हणते आणि तो विजयी मुद्रेने न्यायाधीशांकडे पाहतो. तिथे उठून कलम ७ दाखवणारा आपला वकील हवा. हे काम घोषणेचे नाही, दोन मिनिटांच्या वाचनाचे आहे.

थोरल्या भावाच्या नोट्सवर विसंबून राहणाऱ्यांना एक सूचना. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम आले. खुनाचे ३०२ आता १०३ झाले, पोटगीचे १२५ आता १४४. त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना दंड संहिताच लागू राहते, त्यामुळे पुढची बरीच वर्षे दोन्ही पुस्तके पिशवीत ठेवावी लागतील. कटकट आहे खरी. पण यात आपल्या मुलांचा एक फायदाही आहे : वीस वर्षे जुना वकीलही नवी कलमे आत्ताच शिकतो आहे.

कायद्याला किती वेळ लागतो हे महाडवरून समजून घ्यावे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब प्याले. त्याच वर्षी डिसेंबरात सवर्णांनी महाडच्या कोर्टात दावा लावला, तळे आमच्या खाजगी मालकीचे म्हणून. १९३१ साली महाडच्या न्यायाधीशाने दावा फेटाळला, १९३३ साली ठाण्याला अपील फेटाळले गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अखेरचा निकाल दिला. सत्याग्रह एका दिवसाचा, दावा दहा वर्षांचा. आणि तो जिंकला कशावर? अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे हे वादींना पुराव्याने सिद्ध करता आले नाही, यावर. ज्याने हक्क सांगितला त्यानेच तो सिद्ध करावा, हे पुरावा कायद्याचे साधे तत्त्व. उच्च न्यायालयाने समतेवर प्रवचन दिले नाही. त्यामुळे कायदा शिकायला येणाऱ्या तरुणाने दर निकालात क्रांती शोधू नये. पुराव्याचे ओझे कुणाच्या डोक्यावर आहे ते आधी पाहावे.

पदवी हाती आली की पालकांना वाटते, सुटलो. खरी तंगी तिथून सुरू होते. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये सनदेची फी ठरलेली आहे : खुल्या वर्गाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये, आणि लागू असेल ते मुद्रांक शुल्क. पण राज्याराज्यांच्या बार कौन्सिल १५ हजारांपासून ४२ हजारांपर्यंत घेत होत्या. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार प्रकरणात ते बेकायदा ठरवले आणि अशी जादा फी दुर्बल घटकांना व्यवसायाबाहेर ठेवते असेही म्हटले. 'ऐच्छिक' या नावाखालीही जादा पैसे घेता येणार नाहीत हे २०२५ साली पुन्हा बजावले. तेव्हा १२५ रुपयांची पावती मागून घ्या. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा आहे. ती अनुसूचित जातींना ४० टक्क्यांवर पास होता येते आणि तिथे बेअर ॲक्ट सोबत नेता येतो. ज्याने तीन वर्षे गाइडच वाचले, त्याला त्या पुस्तकात कलम सापडत नाही आणि वेळ संपतो.

सनदेआधीच बॅनरवर नावापुढे 'ॲड.' लावणाऱ्या आमच्या तरुण मित्रांना हात जोडून विनंती, तो शब्द बार कौन्सिलने द्यायचा असतो, फ्लेक्सवाल्याने नव्हे.

मग ज्युनियरशिप. सकाळी सिनियरच्या ऑफिसात फायली लावायच्या, बोर्ड पाहायचा, तारखा डायरीत उतरवायच्या, नकला विभागात उभे राहायचे, सिनियर दुसऱ्या कोर्टात असले तर उठून पुढची तारीख मागायची. महिन्याकाठी हाती येते ते अनेकदा प्रवासखर्चाला पुरत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरला शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत असे परिपत्रक काढले, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. आंध्र प्रदेशाने २०१९ साली नव्या वकिलांना पहिली तीन वर्षे दरमहा ५ हजार देणारी योजना सुरू केली होती. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्राच्या राज्यकर्त्यांना अशी काही इच्छा होते का, हे आपल्या आमदारांना विचारा. वकिलाच्या मुलाला बापाचे चेंबर, बापाची कपाटे आणि बापाचे पक्षकार मिळतात. आपल्या मुलाला सनदेचा कागद मिळतो आणि घरी बहिणीचे लग्न असते. मुलींची अडचण आणखी वेगळी आहे. संध्याकाळी सातनंतर ऑफिसात थांबावे लागते, घरचे कुरकुरतात, आणि ऑफिस कुणाचे निवडावे याचीही काळजी असते. जिथे आधीपासून महिला ज्युनियर टिकून आहेत असे ऑफिस शोधावे, हा आमचा साधा सल्ला.

ज्यांना न्यायाधीश व्हायचे आहे त्यांनाही ही वर्षे टाळता येत नाहीत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. त्याच महिन्यात अमरावतीचे न्या. भूषण गवई देशाचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश झाले. साऱ्या समाजाची मान उंचावली. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांच्याच न्यायालयात एका वकिलाने सनातनच्या नावाने घोषणा देत बूट फेकण्याचा प्रयत्न केला, हेही विसरता येत नाही. काळा कोट सर्वांचा सारखा असतो; आतली माणसे सारखी नसतात. मूट कोर्टाचा गट पाडताना आडनाव विचारले जाईल, 'कोट्यातला' म्हटले जाईल. याची तयारी ठेवावी आणि वर्गात पहिल्या बाकावर बसावे.

तीन वर्षे पदवीची, तीन वर्षे पाय रोवण्याची, असा हा सहा वर्षांचा हिशेब. पहिल्या तीनला सरकारची शिष्यवृत्ती आहे. दुसऱ्या तीनला कुणीच नाही. इथे आम्हाला समाजबांधवांना एक कडू गोष्ट सांगायची आहे. भूसंपादनाचा मोबदला, फ्लॅटचा व्यवहार, वारसाहक्काचा मोठा दावा असला की आपली माणसे 'मोठा वकील' शोधत दुसऱ्या गल्लीत जातात. मारहाण, जामीन, पोलीस ठाणे असले की मात्र आपल्या वकिलाची आठवण होते, आणि फी विचारली तर "साहेब, समाजाचं काम आहे" असे उत्तर मिळते. ज्याला खरोखरच परवडत नाही त्याच्यासाठी १९८७ च्या कायद्याने मोफत विधी साहाय्य आहे. अनुसूचित जाती-जमातींना आणि महिलांना तिथे उत्पन्नाची अटही नाही. ज्याला परवडते त्याने आपल्या वकिलाला फी द्यावी.

आणि विहार समित्यांनी जयंतीच्या वर्गणीतून, डीजेची एक रात्र कमी करून, तालुक्यातल्या एका ज्युनियर वकिलाचा तीन वर्षांचा प्रवासखर्च आणि बेअर ॲक्टचा एक संच उचलावा. रक्कम फार मोठी होत नाही. त्याच्या नावाचे खाते वर्गणीच्या वहीत वेगळे ठेवावे, आणि त्या मोबदल्यात त्याने दर रविवारी दोन तास विहारात बसून वस्तीतल्या लोकांचे अर्ज लिहावेत, नोटिसा वाचून सांगाव्यात. वर्षाअखेरीस किती अर्ज लिहिले, किती प्रकरणांत हजर राहिला, याचा हिशेब त्याच सभेत मागावा.